आमच्या वहीतला शून्य



दुपारची भांडीकुंडी आवरून कुणी तांदूळ निवडत असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल, कुणी बांधावर बसून मोबाइलवर रेडिओ लावला असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आजचं बोलणं थोडं जड आहे. घरात लहान मुलं जवळ असतील तर त्यांना खेळायला पाठवलंत तरी चालेल.

सुरुवात आमच्या वहीपासून करतो. आमच्या गावात अकरा गट आणि त्यांचा एक ग्रामसंघ. बैठक वेळेवर, बचत वेळेवर, परतफेड वेळेवर. दर महिन्याला आम्ही एक अहवाल भरतो. त्यात हजेरी, बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचा हप्ता असे रकाने आहेत आणि अगदी खाली एक रकाना आहे, ‘महिलांवरील अत्याचाराच्या तक्रारी’. त्या रकान्यात आम्ही सहा वर्षं शून्य लिहीत होतो. लिहिताना हात थांबत नव्हता. उलट बरं वाटायचं, की आपलं गाव चांगलं आहे, आपल्याकडे तसलं काही नाही.

पुढे समुपदेशनाच्या एका प्रशिक्षणाला आम्ही चौघी गेलो. तिथल्या ताईंनी अमेरिकेतल्या एका पाळकबाईंची गोष्ट सांगितली. पाळक म्हणजे चर्चमध्ये उपासना चालवणारे, लोकांची लग्नं लावणारे, कुणी आजारी पडलं, कुणी गेलं तर घरी जाऊन धीर देणारे. त्या बाईंचं नाव रेव्हरंड मारी फॉर्च्युन. ती गोष्ट ऐकता ऐकता आम्हाला आमच्या वहीतला शून्य आठवला आणि मान खाली गेली. का, ते सांगतो.

फॉर्च्युनबाई येल विद्यापीठाच्या धर्मशाळेत शिकल्या. धर्मशाळा म्हणजे आपली मुक्कामाची नाही बरं का, धर्माचं उच्च शिक्षण देणारं महाविद्यालय. १९७६ साली त्यांना युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या पंथात पाळकपदाची दीक्षा मिळाली. हा पंथ आपल्याला अगदीच परका नाही. १८१३ साली मुंबईत आलेलं आणि पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, शाळा काढणारं अमेरिकन मराठी मिशन ज्या मंडळ्यांनी पाठवलं, त्यांचीच परंपरा पुढे या पंथात आली. सावित्रीबाई फुल्यांनी नगरला ज्या मिस फेरार यांच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, त्याही याच मिशनच्या. म्हणजे धागा कुठून कुठे जातो बघा.

तर या बाई सिएटल नावाच्या शहरात होत्या. त्या काळात अमेरिकेत बायकांनी बायकांसाठी मदतकेंद्रं उघडायला नुकतीच सुरुवात केली होती. बलात्कार झालेल्या बाईला दवाखान्यात, पोलिसात सोबत करायची, नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बाईला आसरा द्यायचा, अशी ही कामं. फॉर्च्युनबाई तिथे जाऊ लागल्या. तिथे त्यांना एक गोष्ट दिसली. येणाऱ्या बायका फक्त पोलीस, कोर्ट, पैसा याबद्दल विचारत नव्हत्या. त्या देवाबद्दल विचारत होत्या. देवाने माझ्यावर ही वेळ का आणली? मी काही पाप केलं होतं का? लग्नात देवासमोर शब्द दिलाय, तो मोडू का? त्याला क्षमा केली नाही तर देव माझ्यावर रागावेल का?

केंद्रातल्या कार्यकर्त्या म्हणायच्या, हे आमचं काम नाही, हे तुमच्या पाळकाला विचारा. आणि पाळकांना विचारावं तर पाळकांना या विषयाचं काही शिक्षणच नव्हतं. बाई दोन दारांच्या मध्ये उभी. एका दारात तिच्या अंगावरची जखम बघणारे, दुसऱ्या दारात तिच्या मनातला देव बघणारे. अख्खी बाई बघणारं कुणीच नाही.

फॉर्च्युनबाईंनी पाळक मंडळींना विचारलं, तुमच्या चर्चमधल्या बायका मारहाणीबद्दल, अत्याचाराबद्दल तुमच्याकडे येतात का? उत्तर ठरलेलं असायचं, की माझ्याकडे कुणीच येत नाही. आणि त्यावरून त्यांची समजूत अशी, की आमच्या मंडळीत असलं काही घडतच नाही.

ऐकलंत मैत्रिणींनो? त्यांचाही शून्य. आमच्या वहीतला आणि त्यांच्या चर्चमधला शून्य एकच.

बाईंनी ओळखलं की बायका येत नाहीत कारण त्यांना माहीत आहे, इथे हे बोलायचं नसतं. ज्या पाळकाने उपदेशात कधी या विषयाचं नावच काढलं नाही, त्याच्याकडे बाई कोणत्या तोंडाने जाईल? पण पाळकाने एकदा जरी सगळ्यांसमोर म्हटलं, की घरात मार खाणं हे कुणाच्याही नशिबात देवाने लिहिलेलं नाही, तर त्यानंतर बाया भेटायला येऊ लागतात. आधी दार उघडं दिसावं लागतं.

१९७७ साली त्यांनी सिएटलमध्ये एक केंद्र काढलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘लैंगिक आणि कौटुंबिक हिंसा प्रतिबंध केंद्र’. पुढे त्याचंच नाव फेथट्रस्ट इन्स्टिट्यूट झालं. काम काय? पाळकांना शिकवायचं, की अत्याचार झालेली बाई आली तर काय बोलायचं, काय बोलायचं नाही, कुठे पाठवायचं. आणि मदतकेंद्रातल्या कार्यकर्त्यांना शिकवायचं, की बाईच्या देवाधर्माच्या प्रश्नाला हसायचं नाही, टाळायचं नाही. दोन्ही दारांच्या मधली भिंत पाडायची. हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. पुस्तकं लिहिली, प्रशिक्षणासाठी फिल्मा काढल्या. नंतर त्या केंद्राने ज्यू आणि मुस्लीम कुटुंबांसाठीही त्या त्या धर्मातल्या जाणत्या लोकांना सोबत घेऊन साहित्य तयार केलं.

त्यांचं एक म्हणणं आम्हाला फार पटलं. धर्म हा मार खाणाऱ्या बाईच्या वाटेतला धोंडा होऊ शकतो, नाहीतर तिच्या हातातली काठी. धर्म तोच, देव तोच. तो तिला कोण, कसा सांगतो यावर सगळं आहे.

आता आपल्याकडे या. आपण कुठे वेगळ्या आहोत? वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळताना सात जन्म हाच नवरा मागतो. आमच्या गटातली एक जण एकदा हळूच म्हणाली होती, “ताई, मी फेऱ्या मारते, पण मनात म्हणते, देवा, हा सातवाच असू दे.” सगळ्या खळखळून हसल्या. आम्हीही हसलो. त्या हसण्यात तिला काहीतरी सांगायचं होतं, ते आम्ही ऐकलं नाही. ‘मागच्या जन्मीचं देणं असेल’, ‘बाईचा जन्मच सोसायचा’, ‘दिल्या घरी सुखी राहा’, ‘नांदावं लागतंय बाई’ ही वाक्यं आपण आईकडून ऐकली, सासूकडून ऐकली आणि सुनेला, लेकीला तशीच दिली. कुणी वाईट हेतूने म्हणत नाही. पण मार खाणाऱ्या बाईला ती कुलूप लावल्यासारखी लागतात.

फॉर्च्युनबाईंनी १९८७ साली खास मार खाणाऱ्या ख्रिस्ती बायकांसाठी एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्यात बाईचे प्रश्न आणि त्यांची साधी उत्तरं. लग्नाच्या शपथेबद्दल त्या जे सांगतात ते असं, की लग्नात शब्द दोघांनी दिलेला असतो. ज्याने हात उगारला त्याने तो शब्द मोडला. बाई जीव वाचवायला घराबाहेर पडते तेव्हा ती लग्न मोडत नसते, आधीच मोडलेली गोष्ट ती फक्त उघड करत असते. संसार मोडल्याचा दोष मार खाणाऱ्याच्या माथी मारू नका.

आता क्षमेची गोष्ट. इथे आमचं स्वतःचं चुकलं, ते आज आम्ही सगळ्यांसमोर सांगणार आहोत. जिची ही गोष्ट आहे तिने सांगायची परवानगी दिली आहे. नाव, गाव सांगणार नाही. तुम्हीही ओळखायचा प्रयत्न करू नका.

आमच्या गटातली एक जण. एके दिवशी बैठक संपल्यावर सगळ्या उठल्या, ही बसून राहिली. पदर सरकवून तिने पाठ दाखवली. नवरा दारूला शिवणारा नाही. माळकरी, सप्ताहात पुढे, गावात मान. आम्हाला धक्काच बसला. त्याच संध्याकाळी आम्ही पाच जणी तिच्या घरी गेलो. वाटलं, आपण केवढं मोठं काम करतोय. ओसरीवर बसलो. त्याने हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं, भिंतीवरच्या विठोबाच्या फोटोकडे बघून शब्द दिला, की पुन्हा असं होणार नाही. आम्ही तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, “देवासमोर बोललाय तो. आता तूही मन मोठं कर, माफ कर.” तिने मान हलवली. तिनेच चहा केला. आम्ही चहा प्यालो आणि आलो.

घरातली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून पंधरा दिवसांच्या आत त्याने तिचा डावा हात मोडला.

आम्हाला ते तीन महिन्यांनी कळलं. ती बैठकीला येत नव्हती, पण तिची मुलगी बचतीचे पैसे आणि हप्ता घेऊन वेळेवर येत होती. हप्ता येतोय म्हणजे सगळं बरं आहे, असं आम्ही धरून चाललो. शेणी थापताना पडले, असं ती सगळ्यांना सांगत होती. आणि अहवालात त्याही तीन महिन्यांत आम्ही शून्यच लिहिला.

प्रशिक्षणातल्या ताईंनी फॉर्च्युनबाईंचा एक अनुभव सांगितला. स्वतःच्या घरातल्या मुलींवर अत्याचार केलेल्या पुरुषांच्या एका उपचार गटाला त्या भेटायला गेल्या होत्या. त्यातले बरेच जण चर्चला नेमाने जाणारे होते. त्या माणसांनीच बाईंना निरोप दिला, की पाळकांना सांगा, आम्हाला इतक्या लवकर क्षमा करू नका. का? तर पकडले गेल्यावर ते आधी पाळकाकडे धावले होते. पाळकाने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, क्षमा झाली म्हणून घरी पाठवलं. त्यामुळे त्यांना वाटलं, सुटलो. आपण काय केलं याकडे बघायची गरजच उरली नाही.

हे ऐकलं आणि आमच्यातली एक जण उठून बाहेर गेली. आम्हाला सगळ्यांना ओसरीवरचा चहा आठवला होता.

फॉर्च्युनबाई क्षमेच्या विरोधात नाहीत. त्यांच्या धर्मात क्षमेला फार मोठी जागा आहे. पण त्या दाखवतात, की लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला क्रम नीट बघा. भावाने अपराध केला तर आधी त्याला जाब विचारा. त्याला पश्चात्ताप झाला तर मग क्षमा करा. जाब पहिला, क्षमा शेवटी. आणि पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांतलं पाणी नव्हे, वागणं बदलणं. ते बदललं की नाही हे दिवसांत नाही, वर्षांत कळतं. आम्ही काय केलं? शेवटची पायरी पहिल्याच संध्याकाळी तिच्याकडून चढवून घेतली. त्याला काहीच करावं लागलं नाही, सगळं काम तिच्याच वाट्याला आलं.

अजून एक अवघड गोष्ट या बाईंनी बोलून दाखवली. अत्याचार करणारा पाळकच असेल तर? १९८९ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. एका चर्चमधला लाडका पाळक, त्याच्याकडे दुःख घेऊन जाणाऱ्या बायका आणि त्याने घेतलेला गैरफायदा. सहा बायका पुढे आल्या. मंडळीने काय केलं? बऱ्याच जणांना आधी चर्चच्या नावाची काळजी. तक्रार करणाऱ्या बायकाच वाईट ठरल्या. स्वतः पाळक असताना असं लिहायला धाडस लागतं. फॉर्च्युनबाईंचं म्हणणं असं, की ज्याच्या हातात अधिकार आहे आणि जो मदतीला बसला आहे, त्याच्यासमोर बाईचा होकार हा मोकळा होकार नसतो. मर्यादा पाळायची जबाबदारी त्याची, पूर्णपणे त्याची.

आपल्याकडे हे फक्त देवळा-मठापुरतं धरू नका. अंगात येणारा बाबा असो, गंडा-दोरा देणारा असो, कर्जाच्या कागदावर सही देणारा माणूस असो, शिकवणीचा मास्तर असो, मुकादम असो. ज्याच्याकडे आपण अडलेल्या म्हणून जातो, त्याने गैरफायदा घेतला तर चूक आपली नाही. आणि आपला गट तरी धुतल्या तांदळासारखा आहे का? आमच्याही तोंडात आलं होतं, की बाहेर कळलं तर गटाचं नाव खराब होईल, बँकेचं कर्ज अडेल. चर्चने केलं तेच आम्ही करायला निघालो होतो.

मग करायचं काय? फॉर्च्युनबाई न्यायाच्या सात गोष्टी सांगतात. ताईंनी त्या फळ्यावर लिहिल्या, आम्ही वहीत उतरवून घेतल्या. तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिली, खरं बोलायला जागा. तिचं बोलणं मधे न तोडता ऐकायचं. दुसरी, अन्याय झाला हे स्पष्ट मान्य करायचं. ‘त्याचा स्वभावच तापट’ असं न म्हणता ‘हे चूक झालं’ असं म्हणायचं. तिसरी, करुणा. म्हणजे तिच्या दुःखाशेजारी बसणं, लगेच उपाय सांगत न सुटणं. चौथी, जी दुबळी आहे तिचं आणि लेकरांचं रक्षण. पाचवी, ज्याने केलं त्याला जबाबदार धरणं. सहावी, भरपाई. दवाखाना, खर्च, गेलेले दिवस, जे भरून देता येईल ते देणं. आणि सातवी, तिच्यावर लागलेला बट्टा पुसणं. गावाने म्हणायचं, ती खरी होती.

बघा, या सातात क्षमा नाही. न्याय झाला तर क्षमेला जागा होते. ती करायची का, कधी करायची, हे तिचं तिने ठरवायचं.

परत आल्यावर आम्ही तिला भेटायला तिच्या माहेरी गेलो. या वेळी पाच नाही, दोघीच गेलो. चहा नको म्हणालो. म्हणालो, “आमचं चुकलं.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हात मोडला त्याचं दुखणं गेलं ताई. तुम्ही त्या दिवशी उठून निघालात, ते अजून जात नाही.” आम्ही काही उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच.

त्यानंतर ती जे म्हणेल तेच करायचं ठरलं. आम्ही तिला तालुक्याला संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेलं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली नोंद झाली. कोर्टाचा आदेश यायला वेळ लागला, पाच-सहा तारखा पडल्या, दोनदा साहेबच नव्हते म्हणून परत आलो. शेवटी आदेश आला, की त्याने तिला मारायचं नाही, घरातून काढायचं नाही, खर्चाला पैसे द्यायचे. आज ती त्याच घरात दोन खोल्यांत मुलीबरोबर राहते. पैसे कधी मिळतात, कधी नाही, मग पुन्हा तारीख. सगळं गोड झालं असं आम्ही सांगणार नाही. पण हात उगारायची त्याची हिंमत झालेली नाही. गटाने ठराव लिहून तिच्या दवाखान्याच्या कर्जावरचं व्याज माफ केलं. आणि भर बैठकीत सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, तेही इतिवृत्तात लिहिलं. तिने नवऱ्याला माफ केलेलं नाही. आम्हालाही केलं की नाही, आम्ही विचारलेलं नाही. ती बैठकीला येते, पुढच्या रांगेत बसते.

मैत्रिणींनो, हे काम फक्त अमेरिकेतल्या बाईंनी केलं असं समजू नका. आपल्या मातीत पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळात पोरक्या झालेल्या, फसवल्या गेलेल्या मुलींना, विधवांना तिथे आसरा, शिक्षण आणि हाताला काम मिळालं. पुण्यात नारी समता मंचाने ‘बोलते व्हा’ या नावाने केंद्र चालवलं. नावातच सगळं आलं. १९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारातच समुपदेशक ताई बसणार, ही तेव्हा नवी गोष्ट होती. आता राज्यात अनेक ठिकाणी असे कक्ष आहेत. आपल्या जवळचा कुठे आहे ते विचारून ठेवा.

आता कामाचं बोलतो. तुमच्या गटातली कुणी तुमच्याजवळ येऊन बोलली, तर काय करायचं?

पहिल्यांदा म्हणा, “तू सांगितलंस हे बरं केलंस. मी तुझ्यावर विश्वास ठेवते. यात तुझा दोष नाही.” ही तीन वाक्यं पाठ करून ठेवा. ‘तू काय बोलली होतीस त्याला?’ हे विचारू नका. ‘लेकरांकडे बघून सोस’ म्हणू नका. लेकरं ते सगळं बघतच असतात.

तिने देवाबद्दल विचारलं तर टाळू नका. देव मारणाऱ्याच्या बाजूला बसत नाही, एवढं तर आपण कोणत्याही धर्मातल्या बाईला सांगू शकतो. गावात शहाणे कीर्तनकार, मौलवी, भन्तेजी, पाळक असतील तर आधीच जाऊन बोला, की तुमच्या बोलण्यात हा विषय एकदा काढा. त्यांच्या एका वाक्याने दहा दारं उघडतात.

आमच्यासारखा घोळका करून तिच्या घरी जाऊ नका. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून तडजोड घडवू नका. मार चालू असताना ती त्याच्यासमोर खरं बोलूच शकत नाही आणि बोलली तर रात्री भोगते. तिला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. तिची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय सख्ख्या बहिणीलाही सांगू नका.

तिचं आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद यांच्या झेरॉक्स तिच्या भरवशाच्या एखाद्या बाईकडे ठेवायला सांगा. दुखापत झाली तर सरकारी दवाखान्यात दाखवून नोंद करायला सांगा.

हे नंबर लिहून घ्या, नाहीतर मुलीला लिहायला सांगा. जिवावर बेतलं असेल तर ११२. महिला हेल्पलाइन १८१. लहान मुलांसाठी १०९८. बऱ्याच जिल्ह्यांत ‘सखी’ केंद्र आहे. तिथे दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा आसरा यासाठी एकाच जागी मदत मिळते. आणि बाईला वकील मोफत मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हे पुष्कळ बायकांना माहीत नसतं.

शेवटी पुन्हा वहीकडे येतो. देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, असं दिसलं की दहा विवाहित बायकांमागे साधारण तिघींनी नवऱ्याची हिंसा सोसली आहे. आपला गट दहा-बारा जणींचा असतो. आता तुम्हीच हिशोब करा आणि रकान्यातल्या शून्याकडे बघा.

आम्ही प्रशिक्षणाहून आल्यावर पुढच्याच बैठकीत हा विषय काढला. फार काही नाही, एवढंच म्हणालो, की घरात मार बसत असेल तर ती आपल्या गटाची गोष्ट आहे आणि मागे आमची चूक झाली आहे. त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. आठवड्याने एक जण पिठाच्या गिरणीत थांबून बोलली. महिन्याने दुसरी. वर्षभरात चौघी. त्यातल्या एकीचं वय पासष्ट. ती म्हणाली, “आता करायचं काही नाही गं. नुसतं सांगायचं होतं कुणालातरी.” आम्ही ऐकलं.

या वर्षी अहवालाच्या त्या रकान्यात चार लिहिलं. तपासणीला आलेल्या ताई म्हणाल्या, “तुमच्या गावात अत्याचार वाढले की काय?” आम्ही म्हणालो, “नाही ताई, बोलणं वाढलं.”

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की वही मिटण्याआधी पाच मिनिटं थांबा. हा विषय नुसता काढून ठेवा. लगेच कुणी बोलणार नाही. वाट बघा. आणि कुणी बसून राहिली, तर तुम्हीही उठू नका.